खोबऱ्या आंब्याचे चित्र

निसर्गाच्या छायाचित्रांच्या ज्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरतात, त्यांचा एक नियम मला माझ्या एका स्नेह्याने सांगितला. चित्रात माणसाची खूण दिसता कामा नये. कुंपण नको, विजेचा खांब नको, नांगरलेले शेतही नको. माणसाच्या वस्तीत राहायला शिकलेली घुबडे किंवा करकोचे असतील, तर थोडी सवलत मिळते. ऐकून मला प्रथम हसू आले. आजीच्या सोवळ्याची आठवण झाली. पुढे मात्र हा नियम कुसळासारखा मनात सलू लागला, आणि त्याला कारण झाले वासोट्याचे रान.

वासोटा साताऱ्याच्या पश्चिमेला, जावळीच्या अरण्यात. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा, पायथ्याला वनखात्याच्या चौकीत नाव नोंदवायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे. हे कोयना अभयारण्य 1985 साली जाहीर झाले, आणि 2010 पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. किल्ल्याचे दुसरे नावच मुळी व्याघ्रगड! आम्ही गेलो ते थंडीच्या दिवसांत. फोटो काढणाऱ्याबरोबर रानात गेले की चालणे थोडे आणि उभे राहणे फार. एका शेकरासाठी माझा स्नेही पाऊण तास मान वर करून उभा होता. पण त्याच्यामुळेच मला ते शेकरू दिसले, हेही सांगितले पाहिजे. एरवी मी त्या झाडाखालून धापा टाकीत निघून गेलो असतो. वर बाबू कड्याची ती छाती दडपून टाकणारी खोली पाहिली आणि ऊन कलायच्या सुमारास आम्ही खाली उतरलो.

लाँच सुटायला थोडा अवकाश होता. काठापासून जरा आत एक जुना आंबा उभा होता. बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा, फांद्यांवर शेवाळ, आणि पानांतून तिरपे ऊन झिरपत होते. स्नेह्याने तिकाठणे उभे केले. झाडाच्या मागे एका घराचे जोते होते; ते फांदीआड जाईल असा कोन त्याने साधला. बुंध्याशी कौलांचे चार तुकडे पडले होते. ते त्याने वेचले आणि करवंदीच्या जाळीत टाकून दिले.

आमचा लाँचवाला मागे येऊन उभा राहिला होता, ते आम्हांला कळलेच नव्हते.

"खोबऱ्याचा फोटू काढताय व्हय?" तो म्हणाला.

"कोणाचा?"

"ह्यो आंबा. खोबऱ्या. आमच्या आज्यानं लावल्याला. माझा बा ह्याच जोत्यावर रांगला. सायेब, मला एक कापी द्याल? बा आता हितवर येऊ शकत न्हाई." आणि जरा थांबून त्याने विचारले, "जोतं आलंय न्हवं त्यात?"

स्नेह्याने माझ्याकडे पाहिले. मी पाण्याकडे पाहत होतो. मग त्याने तिकाठणे उचलले, चार पावले डावीकडे नेले आणि दुसरे चित्र घेतले.

परतताना लाँचमध्ये आमचा वाद झाला. त्याचे म्हणणे असे, की कोणत्याही चित्रात सगळे जग मावत नाही. वगळणे हीच तर कला. यावर माझे काही म्हणणे नाही. परंतु जे चौकटीत मावले नाही ते राहून जाणे निराळे, आणि जे होते ते उचलून जाळीत टाकणे निराळे. पहिल्यात निवड आहे. दुसऱ्यात साक्ष बदलणे आहे. या काठांवरची काही गावे धरणाच्या पाण्याने उठली, काही पुढे अभयारण्यासाठी उठली. कोयनेच्या 1960 मेगावॅटांतला एखादा कण आपल्या आकाशकंदिलातही पेटत असेल. उठलेल्या गावांच्या जागी रान दाटले, गवे चरू लागले, हे चांगलेच झाले. ते रान मोडून पुन्हा घरे बांधा असे लाँचवालाही म्हणाला नाही. त्याची मागणी जोत्यापुरती होती. पण येथे कधी कोणी राहतच नव्हते असे चित्राने सांगितले, की त्या माणसांचे जाणे दुसऱ्यांदा घडते, आणि या वेळी त्याचा मोबदलाही कोणी देत नाही.

2018 साली या व्याघ्र प्रकल्पात वाघाचे चित्र मिळाले, ते रानात लावून ठेवलेल्या कॅमेऱ्यात. हा कॅमेरा मोठा प्रामाणिक प्राणी. समोरून गवा जावो, गस्तीचा वनरक्षक जावो की चुकलेली म्हैस. सर्वांना तो सारखाच टिपतो आणि वर तारीखवेळ घालतो. "मग मीही स्वतःला झाडाला बांधून घेऊ का?" स्नेही चिडून म्हणाला. त्याचे चिडणे अगदीच गैर नव्हते. त्या कॅमेऱ्याने शेकरासाठी पाऊण तास मान मोडून घेतली नसती.

पुढे फाल्गुनात आम्ही सांगली जिल्ह्यात सागरेश्वरला गेलो. देवराष्ट्र्याजवळचे हे रान म्हणजे वासोट्याचे उफराटे रूप. तेथे माणसे उठल्यावर रान आले. येथे माणसांनी उजाड डोंगरांवर झाडे लावून रान उभे केले. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले, आणि जेमतेम 11 चौरस किलोमीटरांच्या या रानाला 1985 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. स्नेह्याला तेथे एक चितळ सुरेख मिळाले. कुंपणाची तार अर्थातच चौकटीबाहेर राहिली.

"मूळचे रान वाटते की नाही?" त्याने मला पडद्यावर दाखवीत विचारले.

"वाटते," मी म्हणालो, "हीच अडचण आहे."

"मग काय, प्रत्येक चितळाखाली मोहित्यांचे नाव लिहू?"

"एक ओळ लिहायला काय लागते?"

तो काही बोलला नाही. नंतर समजले, की आंब्याच्या दोन्ही चित्रांच्या त्याने मोठ्या प्रती करून घेतल्या. जोते असलेली एक प्रत बामणोलीला पोचली. जोते नसलेले चित्र त्याने स्पर्धेला पाठविले की नाही, ते मी विचारलेले नाही. पाडव्याला त्याच्याकडे फराळाचे बोलावणे आहे. दिवाणखान्यात कोणता आंबा लावला आहे, ते तेव्हा दिसेलच.