रुग्णापासूनचे अंतर

वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. त्यांतले सुमारे १३ लाख पात्र ठरले. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र त्या वर्षी सव्वा लाखाच्या आतच होत्या. पात्र ठरणे म्हणजे जागा मिळणे, असा समज निकालाच्या दिवशी अनेक घरांत असतो. प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत तो ओसरतो. सरकारी महाविद्यालयांतल्या जागा एकूण जागांच्या निम्म्याच्या आसपास. अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी अनेकदा २० लाखांच्या पुढे जाते, म्हणजे पदवी हाती येईपर्यंत खर्च कोटीच्या घरात पोचतो. रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान किंवा जॉर्जियात फी, वसतिगृह आणि ‘इंडियन मेस’ धरून सगळे शिक्षण ढोबळमानाने २० ते ४० लाखांत होते. लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये एकदोन वर्षे ड्रॉप घेतलेल्या मुलाच्या घरी हा हिशेब मांडायला फार वेळ लागत नाही.

पैशांपुरता हिशेब बरोबरही असतो. त्यात एक रकाना तेवढा राहून जातो. वैद्यकाचा अर्धा अभ्यास पुस्तकातून आणि प्रयोगशाळेत होतो. उरलेला अर्धा रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून, त्याला प्रश्न विचारून, त्याच्या पोटावर हात ठेवून होतो. परदेशी महाविद्यालयात विद्यार्थी त्या खाटेच्या किती जवळ जाऊ शकेल, याची चौकशी प्रवेश घेताना क्वचितच होते. पुढे ज्या अडचणी येतात त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या एका न विचारलेल्या प्रश्नाशी जाऊन भिडते.

परदेशात वैद्यक शिकणे महाराष्ट्राला नवे नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. रखमाबाई लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्या काळातल्या अडचणी आजच्यापेक्षा कितीतरी कठोर होत्या. पण वर्गातली आणि वॉर्डातली भाषा एकच होती, आणि ती त्या शिकून गेल्या होत्या.

सोव्हिएत काळातही हे सूत्र टिकले होते. मॉस्कोत १९६० मध्ये पीपल्स फ्रेंडशिप विद्यापीठ स्थापन झाले. पुढच्या वर्षी त्याला पॅट्रिस लुमुंबांचे नाव मिळाले. आशिया-आफ्रिकेतून शिष्यवृत्तीवर आलेल्या विद्यार्थ्यांना तिथे आधी रशियन भाषेची तयारी करून घ्यावी लागे आणि मग पुढचे शिक्षण रशियनमधूनच होई. १९९१ नंतर चित्र पालटले. सरकारी अनुदान आटलेल्या विद्यापीठांना परकीय चलनाची गरज होती आणि फी भरून शिकायला तयार असलेले परदेशी विद्यार्थी उपलब्ध होते. त्यांच्यासाठी इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या निघाल्या, भाषेचे तयारीचे वर्ष गळाले, आणि रशियन हा वेळापत्रकातला एक विषय होऊन राहिला. इंग्रजी माध्यमाची ही सोय शिक्षणाच्या गरजेतून आली असे म्हणणे अवघड आहे. तिला बाजाराने जन्म दिला. चीननेही पुढे तोच मार्ग धरला.

या बाजारात विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो एजंट. पाटीवर तो ‘कन्सल्टंट’ असतो. त्याच्या माहितीपत्रकात ‘डब्ल्यूएचओ मान्यताप्राप्त’ आणि ‘एनएमसी अप्रूव्हड’ हे दोन शब्दप्रयोग ठरलेले असतात आणि दोन्ही दिशाभूल करणारे आहेत. जागतिक आरोग्य संघटना कुठल्याच वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता देत नाही. ती पूर्वी जगभरातल्या महाविद्यालयांची सूची प्रसिद्ध करत असे, आणि सूचीत नाव असणे एवढाच त्या दाव्याचा आधार. भारताचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) परदेशी महाविद्यालयांना मंजुरी देत नाही; पदवी कोणत्या अटी पूर्ण करत असेल तर ग्राह्य धरली जाईल, एवढेच तो सांगतो. त्या अटी तपासून पाहण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर, म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलावर आणि त्याच्या पालकांवर पडते.

पहिली दोन वर्षे सहसा निभावून जातात. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे विषय इंग्रजी पुस्तकांतून शिकता येतात. शिक्षकाचे इंग्रजी कच्चे असले तरी भारतीय क्लासचे व्हिडिओ मदतीला असतात. खरी भिंत लागते ती तिसऱ्या वर्षी, रुग्णालयात पाऊल टाकल्यावर. किर्गिझस्तानातल्या ओशमधला शेतकरी किंवा रशियातल्या त्वेरमधली आजी इंग्रजी बोलत नाही. ‘दुखणे कधी सुरू झाले, आधी कुठे होते, रात्री जाग येते का’ अशा साध्या प्रश्नांवर निम्मे निदान उभे असते, आणि तेच विचारता येत नाहीत. तिथल्या बाजारात भाजी घेण्यापुरते शिकलेले रशियन रुग्णाची केस घ्यायला पुरत नाही. मग दहा-पंधरा विद्यार्थ्यांचा घोळका प्राध्यापकामागे उभा राहतो, प्राध्यापक रुग्णाशी स्थानिक भाषेत बोलतो आणि सारांश इंग्रजीत सांगतो. विद्यार्थ्याच्या वाट्याला तो सारांशच येतो. रुग्णाने उत्तर देण्याआधी घेतलेला क्षण, टाळलेला प्रश्न, नातेवाइकाने मध्येच तोडलेले वाक्य, हे त्यात उतरत नाही; आणि डॉक्टर घडतो तो बराचसा अशाच गोष्टींवर. ज्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून भाषेवर मेहनत घेतली ते यातून बाहेर पडतात. चीनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांनी चिनी भाषेची एचएसके चौथी पातळी गाठावी अशी अपेक्षा ठेवली गेली, ती याच कारणाने. तरीही एजंटच्या कचेरीत भाषेची बोळवण बहुधा एका वाक्यात होते: इंग्रजी मीडियम आहे, काळजी नको.

भाषेपाठोपाठ येतो तो रोगांचा भूगोल. सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, हिवताप, डेंग्यू, उपचार अर्धवट सोडलेला क्षय, रक्तक्षय झालेली बाळंतीण, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाचे रोजचे काम आहे. मध्य रशियातल्या वॉर्डात यांतले पुष्कळसे दिसत नाही. विद्यार्थी तेही पुस्तकातूनच शिकतो, आणि फुरसे चावलेला पहिला रुग्ण पदवी मिळाल्यानंतर बघतो.

हे दोन्ही घटक परीक्षेच्या निकालात डोकावतात. परदेशी पदवीधरांसाठी भारतात २००२ पासून स्क्रीनिंग टेस्ट, म्हणजेच एफएमजीई आहे. वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षेत ३०० बहुपर्यायी प्रश्न असतात, उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि कितीही वेळा बसता येते. इतके असून २०१५ ते २०१८ या काळात उत्तीर्ण होण्याचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. त्यानंतर ते सुधारले, तरी बहुतेक खेपांना पाचापैकी चार किंवा चारापैकी तीन उमेदवार नापासच होत आले आहेत. देशवार आकडे अधिक बोलके आहेत. त्याच चार वर्षांत चीन आणि रशियाहून आलेल्यांचा निकाल १२-१३ टक्क्यांच्या आसपास होता, बांगलादेशाहून आलेल्यांचा त्याच्या दुपटीहून अधिक, आणि मॉरिशसहून आलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे उत्तीर्ण झाले. बांगलादेशातल्या महाविद्यालयांच्या इमारती रशियातल्यांपेक्षा भव्य आहेत असे नाही. तिथला अभ्यासक्रम भारतासारखा, पुस्तके तीच, रोग तेच, आणि बंगाली जाणणाऱ्या किंवा पटकन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला रुग्णाशी बोलता येते. प्रवेश घेणाऱ्यांच्या मूळ गुणवत्तेतही फरक असेल. सगळे श्रेय वॉर्डाला देता येणार नाही. पण नापास झालेल्यांना सरसकट ‘ढ’ ठरवणाऱ्यांनी हे आकडे शेजारी ठेवून पाहायला हवेत.

परीक्षा अवघड करणे किंवा सोपी करणे, एवढ्यापुरतीच सार्वजनिक चर्चा घुटमळते. वास्तविक एफएमजीई मोजते ते स्मरण. दिल्ली-हैदराबादच्या कोचिंगमध्ये वर्षभर प्रश्नपेढ्या घोटून ती पार करता येते, आणि पार झालेल्याने एकही प्रसूती स्वतः केलेली नसू शकते. हातांची परीक्षाही घेणारी नेक्स्ट ही सामाईक परीक्षा २०१९ च्या कायद्यात आली. तेव्हापासून ती लांबणीवर पडत आली आहे.

आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी नवे नियम लागू केले. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, माध्यम इंग्रजी हवे, पदवीधराला त्या देशात तिथल्या नागरिकांच्या बरोबरीने व्यवसायाचा परवाना मिळू शकला पाहिजे, आणि भारतात परतल्यावर आणखी १२ महिने देखरेखीखाली इंटर्नशिप करावी लागेल. परवान्याची अट शहाणपणाची आहे. स्वतःच्या माणसांवर उपचार करू देणार नाही अशी पदवी परदेशी लोकांना विकण्याचा धंदा तिने रोखला. ५४ महिन्यांच्या अटीत फिलिपीन्सचा चार वर्षांचा एमडी अभ्यासक्रम अडकला, कारण त्याआधीचा बीएस हा पूर्वतयारीचा काळ आयोगाने हिशेबात धरला नाही. माध्यमाच्या अटीत मात्र एक विसंगती आहे. नियम वर्गातल्या इंग्रजीची खात्री मागतो. वॉर्डातल्या भाषेबद्दल तो काही विचारत नाही. स्थानिक भाषेत केस घेण्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दाखला मागितला असता तर निम्मी महाविद्यालये आपोआप सुधारली असती किंवा गळाली असती.

याच नियमात आणखी एक कलम आहे: शिक्षणाचा आणि इंटर्नशिपचा कुठलाही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात करता येणार नाही. हेतू समजण्यासारखा आहे. अभ्यासक्रमाचे तुकडे पाडून, कुठल्या तरी रुग्णालयाचे हजेरीपत्रक जोडून पदवी मिळवण्याचे प्रकार थांबवायचे होते. पण या कलमाने एक उपयोगी प्रारूपही बंद केले. कॅरिबियन बेटांवरच्या महाविद्यालयांनी अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी ते अनेक दशके चालवले आहे. ग्रेनाडातल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात १९७७ मध्ये अध्यापन सुरू झाले. १९८३ मध्ये अमेरिकेने त्या बेटावर सैन्य उतरवले तेव्हा दिलेल्या कारणांत तिथल्या अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थ्यांची सुरक्षितता हे एक होते. या महाविद्यालयांची व्यवस्था साधी आहे. पहिली दोन वर्षे बेटावर, आणि रुग्णालयातली वर्षे प्रामुख्याने अमेरिकेतल्या रुग्णालयांत. जिथे पुढे काम करायचे तिथल्याच रुग्णांमध्ये शिकायचे. तीही नफ्यासाठीच चालतात, फी भरमसाट घेतात, मधेच गळणारे विद्यार्थीही पुष्कळ. तरी रुग्णालयातले शिक्षण कुठे व्हावे, हा प्रश्न त्यांनी बरोबर सोडवला आहे.

भारताने हे कलम स्वतःच वाकवलेले आहे, पण संकट कोसळल्यावर. २०२० च्या सुरुवातीला कोविडच्या साथीत चीनमधून घरी आलेले हजारो विद्यार्थी दोन वर्षांहून अधिक काळ परत जाऊ शकले नाहीत आणि वॉर्डातली वर्षे त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर काढली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले तेव्हा युक्रेनमध्ये सुमारे १८ हजार भारतीय विद्यार्थी होते. ‘ऑपरेशन गंगा’ने त्यांना आणले. त्यांना भारतीय महाविद्यालयांत सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नाही, अशी भूमिका केंद्राने सर्वोच्च न्यायालयात घेतली. आयोगाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना तिसऱ्या देशात शिकून युक्रेनचीच पदवी घेण्याची मुभा दिली. पुढच्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात प्रवेश न देता एमबीबीएसच्या अंतिम परीक्षांची एक संधी आणि त्यानंतर दोन वर्षांची इंटर्नशिप असा तोडगा निघाला. ऑनलाइन शिकलेल्यांनाही नंतर दोन किंवा तीन वर्षांची इंटर्नशिप सांगितली गेली. म्हणजे हुकलेला वॉर्ड भारतीय वॉर्डात भरून काढता येतो, हे तत्त्व सरकारने मान्य केले. फक्त ते आपत्तीपुरते ठेवले.

परतलेल्या पदवीधराची इंटर्नशिप हा त्यामुळे सगळ्या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा ठरतो, आणि सर्वांत दुर्लक्षितही. महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्के एवढेच परदेशी पदवीधर इंटर्न म्हणून घेता येतील, त्यांच्याकडून फी घेऊ नये आणि विद्यावेतन इतरांइतकेच द्यावे, असे आयोगाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केले. तरीही जागेसाठी महिनोन्‌महिने ताटकळणे आणि विद्यावेतनाचे वाद संपले नाहीत. पळवाटाही निघतात. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने ७३ परदेशी पदवीधर आणि १४ राज्यांच्या वैद्यकीय परिषदांविरुद्ध गुन्हा नोंदवला. स्क्रीनिंग परीक्षा उत्तीर्ण न होता नोंदणी मिळवल्याचा आरोप त्यात होता.

भारतीय इंटर्नशिपच्या ५२ आठवड्यांत १२ आठवडे सामुदायिक वैद्यकाला, सात स्त्रीरोग व प्रसूतीला, सहा-सहा मेडिसिन व सर्जरीला मिळतात. आकस्मिक विभागाला दोन. भारतात शिकलेल्या विद्यार्थ्याने याआधी दोन-तीन वर्षे त्याच वॉर्डात काढलेली असतात. मराठीतून किंवा हिंदीतून रुग्णाशी बोलण्याची त्याला सवय झालेली असते. बाहेरून आलेल्याची सुरुवात इथे होते, पण वेळापत्रक दोघांना सारखेच लागू आहे. आकस्मिक विभागाचा आणि प्रसूतीचा त्याचा काळ दुप्पट करणे, मोठ्या शहरांतल्या गर्दीच्या महाविद्यालयांऐवजी डॉक्टरांची वाण असलेल्या जिल्हा रुग्णालयांत देखरेखीसह जागा वाढवणे, आणि शेवटी बहुपर्यायी प्रश्नांऐवजी रुग्णासमोर परीक्षा घेणे, यांतले काहीही मोठ्या खर्चाचे नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात शिकवू शकणारा वरिष्ठ डॉक्टर मात्र हजर असावा लागतो, आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ रुग्णालयांत ते पद रिकामे आहे.