विंचवाचा दोष काय?

विंचू मारावा का, हा प्रश्न आमच्या शेलूत कुणाला पडत नाही. दिसला की चप्पल. मलाही त्यात गैर वाटत नाही. ज्या घरात मूल जमिनीवर झोपतं, तिथे तत्त्वज्ञान नंतर. पण मारून झाल्यावर आपण म्हणतो, "दुष्ट जात!" ते मात्र मला खटकतं. मारणं वेगळं, दोष देणं वेगळं. आणि दोष देणं आपल्यालाच महागात पडतं.

आधी आरोपीकडे बघू. कोकणातला हा लाल विंचू बोटाएवढा असतो. दिवसा दगडाखाली, झाडाच्या सालीखाली, लाकडांच्या ढिगात. रात्री किडे-झुरळं शोधत बाहेर. नजर अधू, त्यामुळे जमिनीच्या कंपनांवरून तो जग ओळखतो. चिमटे बारीक, म्हणून सगळी भिस्त नांगीवर. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते आणि ती पहिली कात टाकेपर्यंत त्यांना पाठीवर वागवते. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणतात ते हेच. तुमचा पाय त्याच्या लेखी फक्त अंगावर येणारं काहीतरी जड. द्वेष करायला समोर कोण आहे हे कळावं लागतं. त्याला ते कळत नाही.

संत एकनाथांच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध. तिथे रोख आपल्या आतल्या विंचवावर आहे. आपण मात्र आतला सोडून बाहेरच्यालाच खलनायक करतो.

याची किंमत काय? खलनायक सापडला की चौकशी थांबते. विंचू चावला, माणूस गेला, नशीब. आपल्याच रायगडात, महाडला, डॉ. हिम्मतराव बावस्कर तिथे थांबले नाहीत. माणूस नेमका कशाने मरतो, हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलं. विषामुळे नसा बेभान होतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं. मग रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली. १९८६ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. जिथे शंभरातले तीसेक रुग्ण दगावत, तिथे हा आकडा एक-दोनवर आला. विंचू तोच, विषही तेच. बदललं ते माणसांनी काय केलं एवढंच.

म्हणून माझ्या मते दोष त्याच्याकडे जातो, ज्याला वेगळं वागता आलं असतं. विंचवाला येत नाही. आपल्याला येतं. शेलूत आता टॉवर उभे राहताहेत. त्यांच्यासाठी दगड कोण उचलतं? हातमोजे कुणाकडे असतात? पावसाळा संपला की कर्जत-खालापुरातली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. त्यांचंही बिऱ्हाड पाठीवरच. विटांच्या थप्पीत हात त्यांचा जातो, अंधारात अनवाणी पाय त्यांचा पडतो. तिथे दिवा नसणं, पायात बूट नसणं, दवाखान्यात न्यायला रात्री गाडी नसणं, ही विंचवाची करणी नाही.

कुणी म्हणेल, निर्दोष म्हणता तर मारता कशाला? कारण धोका निर्दोष असू शकतो. पुराला कुणी दुष्ट म्हणत नाही, तरी बांध घालतोच. घरात शिरलेला विंचू मी मारीन, जमलं तर लांब चिमट्याने उचलून माळावर सोडीन. पण कुणाला चावल्याचं कळलं, तर माझा पहिला प्रश्न विंचवाबद्दल नसेल. दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला आणि तिथे गोळी होती का, हे मी विचारीन.