वास आला नाही, म्हणून गॅस नव्हता?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ७, श्लोक ८ आणि ९

२०२१ मधली गोष्ट. कोविडमधून उठून आठवडा झाला होता, पण वास काही परतला नव्हता. मोगरा नाही, कापूर नाही, काहीच नाही. एका संध्याकाळी निरांजन लावायला मी काडेपेटी हातात घेतली. आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे. तेवढ्यात आई गॅलरीतून धावत आली. "अगं थांब! गॅसचा केवढा वास येतोय!"

शेगडीचं बटण अर्धवट उघडं राहिलं होतं. आईने ते बंद केलं, खिडक्या उघडल्या. मी मटकन खालीच बसले. माझ्या जगात तो गॅस नव्हताच. पण तो होता.

नंतर कळलं, स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती लक्षात यावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. आता बघा, 'घाण वास' हा अनुभव आपलं नाक आणि मेंदू मिळून घडवतात. तेवढ्यापुरतं "वास माझ्यात आहे" हे खरं. पण मरकॅप्टनचे रेणू हवेत असतातच. आणि पेट घेण्याआधी गॅस कुणाच्या नाकाची परवानगी मागत नाही.

आजच्या श्लोकांत भगवंत सांगतात की पाण्यातला रस, चंद्रसूर्यांचं तेज, पृथ्वीचा पवित्र गंध, अग्नीतलं तेज, हे सगळं मीच आहे. पाण्याला चव तुझ्या जिभेने दिली, असं ते म्हणत नाहीत. मला यातून एवढं उमगलं, की गुण मी तयार करत नाही. ते मला भेटायला येतात. कधी माझं दारच बंद असतं.

कुणी म्हणेल, "पण वेदान्तात तर जग मिथ्या आहे ना? मग सगळं मनातच!" थांबा. ब्रह्मसूत्र २.२.२८ वरच्या भाष्यात शंकराचार्य नेमकं हेच मत खोडून काढतात. बाहेर वस्तूच नाहीत असं म्हणणारा त्यांना कसा वाटतो? पोटभर जेवून, तृप्त होऊन, वर "मी जेवतच नाहीये" म्हणणाऱ्या माणसासारखा. जग ब्रह्माला सोडून स्वतंत्र उभं नाही, हे एक. ते माझ्या डोक्यातून निघालंय, हे अगदी वेगळं. पहिल्याने अहंकार गळतो, दुसऱ्याने फुगतो.

आणि हे फक्त गॅसपुरतं नाही. शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीचं दुःख मला जाणवलं नाही, म्हणून ते नव्हतं का? "मला तर काही दिसलं नाही" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! त्या दिवशी मी वाचले, कारण दुसऱ्याच्या नाकावर विश्वास ठेवला.

आज एवढंच करूया. पाण्याचा पहिला घोट घेताना क्षणभर थांबायचं. आणि कुणी "मला त्रास होतोय" म्हणालं, तर आधी ऐकून घ्यायचं.

राम कृष्ण हरि 🙏