स्वभावाला औषध नाही?

स्वभावाला औषध नाही, असं आपण छातीठोकपणे म्हणतो. एकदा एखाद्यावर तापट, चिक्कू किंवा बुजरा असा शिक्का मारला की पुन्हा त्याच्याकडे नीट बघायचे कष्ट वाचतात.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली आयुष्याचे आठ टप्पे मांडले आणि त्यातले शेवटचे तीन प्रौढपण व म्हातारपणाला दिले. मिसरूड फुटली की माणूस पक्का झाला, या समजुतीला तो धक्काच होता. त्यांचा आखीव जिना मला तितकासा पटत नाही, कारण माणसं दोन पायऱ्या चढतात आणि एक उतरतात. पण चढणं थांबत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. जन्म १८६८ चा. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घेत नसत. १८९५ साली नवरा, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाला, तरी बाईंनी सोवळं सोडलं नाही. पुढे त्या पतीजवळ राहायला आल्या, तेव्हाही सुरुवातीला स्वयंपाक वेगळाच. मग हळूहळू प्रश्न पडू लागले, शिवाशिवीवरचा विश्वास सुटला आणि १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. ही वाट कुणी ढकलून चालायला लावली असती, तर त्या बहुधा पहिल्याच वळणावर परतल्या असत्या. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. त्याचा फार मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेत न गेलेल्या या बाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र पुस्तकरूपात येऊ लागलं १९३४ मध्ये, म्हणजे साठी उलटून गेल्यावर. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

आमच्या ओळखीतल्या एका काकांनी बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर कणीक मळायला घेतली. आता त्यांच्या पोळ्या चांगल्या टम्म फुगतात. तरी लग्नकार्यात भावंडं जमली की थट्टा तीच, ‘याला साधा चहा करता येत नाही!’ काकाही हसतात आणि गप्प बसतात. माणूस बदलतो, त्याच्याबद्दलचं घरच्यांचं मत मात्र जुनंच राहतं.

तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या कुणाबद्दल ‘तो तसाच आहे’ म्हणण्याआधी, हल्ली तो काय करतो ते त्यालाच एकदा विचारा.