रांगेतली जागा

गेल्या नाताळात अमेरिकेहून मुलाचा फोन आला. येत्या सुट्टीत सर्वांनी मिळून फ्लॉरिडातील ऑरलँडो येथे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पाहावयास जावे आणि या वेळी बाबांनी व आईनेही बरोबर असावे, असा त्याचा आग्रह होता. मी काही उत्तर देण्यापूर्वीच माझ्या नऊ वर्षांच्या नातवाचा चेहरा पडद्यावर आला. त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही बरोबर असलात की आपल्याला रांगेत उभं राहावं लागणार नाही ना?"

मी अकरा वर्षे व्हीलचेअरवर आहे. या काळात मला कुणी ओझे मानले, क्वचित कुणी संतही मानले. पण प्रवेशपत्रिका आजवर कुणी मानले नव्हते. प्रश्न निरागस होता, म्हणूनच तो मनात रुतून बसला.

मागाहून माहिती काढली तेव्हा कळले, की नातवाची समजूत अगदीच निराधार नव्हती. डिस्नेचे पहिले उद्यान १९५५ साली कॅलिफोर्नियात उघडले, फ्लॉरिडातले १९७१ साली. त्या काळी रांगांसाठी आखलेल्या वाटा अरुंद आणि ठिकठिकाणी पायऱ्यांच्या होत्या. त्यातून खुर्ची जाणार कशी? म्हणून खुर्चीतल्या माणसाला बाहेर पडण्याच्या दाराने आत घेत, आणि तो आपोआप इतरांच्या आधी राइडपाशी पोहोचे. पाहणाऱ्याला तो मान वाटे. वास्तविक त्याच्यासाठी वाटच केलेली नव्हती, इतकाच त्याचा अर्थ. १९९० साली अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि नव्या राइडच्या रांगा खुर्ची जाईल इतक्या रुंद होऊ लागल्या. आता तेथे व्हीलचेअरवरचा माणूस बहुतेक ठिकाणी सर्वांबरोबर, सर्वांइतकाच वेळ थांबतो. जेथे जुनी वाट अजून अडचणीची आहे, तेथे त्याला परत येण्याची वेळ दिली जाते.

मधल्या काळात एक प्रकरण घडले. न्यूयॉर्कमधील काही धनवान कुटुंबे एखाद्या अपंग व्यक्तीला ताशी १३० डॉलर देऊन 'वाटाड्या' म्हणून बरोबर नेतात आणि तिच्यामुळे रांग टाळतात, अशी बातमी २०१३ च्या मे महिन्यात तेथील वृत्तपत्रात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेने अपंगांसाठीचे जुने कार्ड बंद करून नवी पद्धत आणली. तीत थेट आत सोडत नाहीत, साधारण रांगेइतक्याच वेळानंतर बोलावतात. २०२४ साली ही सवलतही आक्रसली. स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना रांगेत दीर्घकाळ थांबणे सोसवत नाही, त्यांच्यापुरतीच ती मुख्यतः राहिली. केवळ व्हीलचेअर आहे म्हणून ती मिळत नाही.

ती बातमी वाचून मला संताप आला, हे कबूल करतो. पण संताप कशाचा, हे स्वतःला विचारले तेव्हा उत्तर सोपे निघाले नाही. वाटाड्याला त्याची मजुरी मिळत होती. त्याच्यावर जबरदस्ती नव्हती. मग अन्याय कुणावर झाला? मागे उभ्या असलेल्यांवर, हे उघडच आहे. पण त्याहून अधिक, दुसऱ्या दिवशी तेथे येणाऱ्या खऱ्या गरजवंतावर. त्याच्याकडे आता सारे संशयाने पाहणार. खुर्चीत बसल्या बसल्या मी पाय जरा हलवला, तर माझ्याकडे रोखून पाहणारे डोळे मला माहीत आहेत.

आणि याच कथेचा उत्तरार्ध असा, की २०२१ पासून त्याच उद्यानात जादा पैसे भरणाऱ्याला लहान रांगेतून पुढे जाण्याची सोय रीतसर विकत मिळते. अपंगाला पैसे देऊन पुढे जाणे लाजिरवाणे. कंपनीला पैसे देऊन पुढे जाणे मात्र प्रतिष्ठित! मागे ताटकळणाऱ्याचे पाय दोन्ही वेळी सारखेच दुखतात.

नातवाला मी कळवले, की आपण सर्वांबरोबर रांगेत राहू. उभे तुम्ही राहाल. बसून राहण्याची चैन मात्र माझी एकट्याची.

इथवर ठीक होते. खरी कसोटी बेत आखताना लागली. तेथे काही राइड अशा आहेत, की खुर्चीसकट आत जाता येते. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'साठी तशी खास होडी आहे. इतर अनेक ठिकाणी मात्र खुर्ची सोडून राइडच्या आसनावर बसावे लागते, आणि तेथील कर्मचाऱ्यांना कुणालाही उचलण्याची परवानगी नाही. उचलायचे ते घरच्यांनी. म्हणजे माझ्या मुलाने. त्याची चाळिशी उलटली आहे, आणि त्याची पाठ माझ्यामुळेच एकदा धरली होती.

तेव्हा मी माझे नेहमीचे वाक्य उच्चारले : "तुम्ही सारे जा. मी सामान सांभाळत झाडाखाली बसतो." लग्नसमारंभात, समुद्रकिनारी, सहलीत, गेली अकरा वर्षे मी हे वाक्य म्हणत आलो आहे आणि त्याला मनातल्या मनात त्याग असे नाव देत आलो आहे. या वेळी पत्नी म्हणाली, "तुमचा त्याग आम्हाला फार महाग पडतो. एकाला तुमच्यापाशी बसावं लागतं, आणि बाकीच्यांना मजा करताना चोरट्यासारखं वाटतं."

मी दुखावलो. दोन दिवस धड बोललोही नाही. मग वाटू लागले, की ती खरे बोलली. जे मागायचे धैर्य झाले नाही, त्यावर पाणी सोडण्याला त्याग म्हणावे काय? नकार ऐकावा लागू नये म्हणून मी आधीच नकार देऊन टाकत होतो, आणि वर कृतज्ञतेची अपेक्षाही करीत होतो.

आमच्या चर्चला तीन पायऱ्या आहेत. दर रविवारी चार तरुण मला खुर्चीसह वर उचलतात. त्यांच्या मायेविषयी शंका नाही. परंतु मिस्सेला उशिरा यावे किंवा थोडे आधी निघावे, हे स्वातंत्र्य मला नाही. त्या चौघांच्या सवडीने माझी भक्ती चालते. मार्कच्या शुभवर्तमानातील, छप्पर उघडून खाली सोडलेल्या पक्षाघाती मनुष्याची गोष्ट ऐकताना हल्ली मला वाटते, की चौघांच्या विश्वासाबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. त्या माणसाला तेथे जायचे होते काय, हे निघताना त्याला कुणी विचारले होते का?

पत्नीची भीती वेगळीच होती. २००९ साली कॅलिफोर्नियातील उद्यानात याच 'स्मॉल वर्ल्ड'ची होडी मध्येच अडली. इतर लोकांना उतरवून बाहेर नेले; व्हीलचेअरवरील एक गृहस्थ मात्र सुमारे अर्धा तास आतच अडकून पडले, आणि ते गाणे वाजतच राहिले. २०१३ साली न्यायालयाने त्यांना ८,००० डॉलर देवविले. आत नेण्याची व्यवस्था करताना बाहेर काढण्याचा विचार कुणीतरी अपुरा सोडला होता. तरीही मी त्या होडीत बसणार आहे. पडून राहण्याचा धोका बिछान्यातही आहेच.

सुनेने आणखी एक पर्याय सुचविला : टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील मॉर्गन्स वंडरलँड. गॉर्डन हार्टमन नावाच्या उद्योजकाने आपल्या अपंग मुलीला इतर मुलांबरोबर खेळता यावे या तळमळीतून २०१० साली ते उभारले. तेथे अपंगांना प्रवेशशुल्क नाही. २०१७ साली शेजारी पाण्याचे उद्यान झाले. त्यात पाण्यात नेता येतील अशा, दाबाखालील हवेवर चालणाऱ्या खुर्च्या आहेत. अपंग नसलेली मुलेही तेथे खेळायला येतात, हे मला विशेष आवडले. मन फार ओढले. पण नातवाने दोन वर्षे डिस्नेच्या किल्ल्याचे चित्र उशाशी लावले आहे. सुट्टी त्याचीही आहे. टेक्सास पुढल्या खेपेला.

यादी आता झाली आहे. मी एकट्याने तीन राइड निवडल्या. पत्नीने तसे बजावले होते. तिसरी 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन', म्हणजे होडीत उतरताना आणि चढताना दोनदा उचलणे. मी ती खोडली होती. मुलाने पुन्हा लिहिली. मी अट घातली, की आम्ही तेथे पोहोचल्यावर आधी घरी पलंगापासून खुर्चीपर्यंत आठवडाभर सराव करायचा, आणि पाठीने तक्रार केली तर स्पष्ट सांगायचे. त्याने मान्य केले.

काल नातवाने विचारले, तिथे रांगेत किती वेळ लागेल. मी म्हटले, कदाचित तासभर.

"मग तुम्ही गोष्ट सांगाल?"

तासभर पुरेल अशी गोष्ट मी सध्या शोधतो आहे.