आघाडीवरची मैत्री आणि राज्यसंस्थेची परवानगी

लिओनिद लुकोव यांनी दिग्दर्शित केलेला ‘दोन सैनिक’ हा सोव्हिएत चित्रपट १९४३ मध्ये ताश्कंदच्या स्टुडिओत तयार झाला. त्याची कथा मात्र तेथून हजारो किलोमीटर दूर, जर्मन वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडच्या आघाडीवर घडते. जर्मन सैन्य १९४१ मध्ये वेगाने पुढे सरकू लागले, तेव्हा मॉस्को, लेनिनग्राड आणि कीव्ह येथील चित्रपटनिर्मिती मध्य आशियात हलवण्यात आली होती आणि युद्धकाळातील बहुतेक कथापट तिकडेच घडले. लेव स्लाविन यांच्या कथेवरून येवगेनी गाब्रिलोविच यांनी याची पटकथा लिहिली. चित्रपटव्यवसाय सर्वस्वी राज्याच्या हाती असल्यामुळे या पटावरही प्रचाराची जबाबदारी होतीच, आणि म्हणूनच राज्याला हव्या असलेल्या मैत्रीच्या चित्रणात खरी मैत्री कितपत उतरू शकते, हा प्रश्न त्याच्या निमित्ताने विचारण्याजोगा ठरतो.

चित्रपटातील अर्काडी झ्यूबिन हा काळ्या समुद्रावरील ओडेसा बंदराचा, बोलघेवडा, गिटार वाजवणारा तरुण. तर साशा स्विन्त्सोव हा उरल प्रदेशातील यंत्रनिर्मितीच्या प्रचंड कारखान्याशी, म्हणजे ‘उरलमाश’शी, नाव जोडले गेलेला, धिप्पाड आणि अबोल गडी. मार्क बेर्नेस आणि बोरिस आंद्रेयेव या नटांनी या भूमिका केल्या. व्यापारी दक्षिण आणि औद्योगिक पूर्व यांची ही जोडी पाहून, देशातील सर्व लोकसमूह एकदिलाने लढत आहेत या अधिकृत सिद्धान्ताचे हे रूपक आहे असे म्हणता येते, आणि ते खोटेही नाही. परंतु तेवढ्यावर थांबले तर चित्रपटाचा प्राणच हातून निसटतो.

तो प्राण आहे दोघांच्या भांडणात. साशाचे लेनिनग्राडमधील तास्या या मुलीवर मन जडते, पण ते तिला सांगण्याची भाषा त्याच्यापाशी नाही. अर्काडी मात्र इतर सैनिकांसमोर या प्रेमाची थट्टा करतो, ती साशाच्या जिव्हारी लागते आणि मैत्रीत तेढ येते. येथे कॉम्रेडपण आणि मैत्री यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. कॉम्रेडपण समान ध्येयावर उभे असते, त्यामुळे एक सहकारी पडला तर दुसरा त्याची जागा घेऊ शकतो. मैत्रीत मात्र माणूस बदलून चालत नाही, आणि म्हणूनच तिला जी दुखापत होते ती ध्येयनिष्ठेची व्याख्याने ऐकून भरून येत नाही. लुकोव यांनी हा रुसवा क्षुल्लक मानला नाही, मृत्यू रोजचा झालेल्या ठिकाणीही त्याला त्याचे वजन दिले, यात त्यांची मोठी समज दिसते. पुढे अर्काडी साशाच्या वतीने तास्याला पत्र लिहितो, म्हणजे ज्या वाक्चातुर्याने मित्राला दुखावले तेच तो मित्राच्या कामी लावतो. क्षमायाचनेचा याहून सुंदर प्रकार युद्धपटांत क्वचितच सापडेल.

सर्वांत प्रसिद्ध प्रसंगही पत्रातूनच जन्माला आला. अर्काडी घरी पत्र लिहितो तो प्रसंग मनासारखा साधत नव्हता, म्हणून लुकोव यांनी संगीतकार निकिता बोगोस्लोव्स्की यांच्याकडे गाणे मागितले. व्लादिमीर अगातोव यांनी शब्द लिहिले आणि ‘काळोखी रात्र’ हे गीत तयार झाले. गळक्या छपराच्या खंदकघरात बेर्नेस ते जवळजवळ बोलल्यासारखे, हलक्या आवाजात गातात. त्यात पक्ष नाही, स्टालिन नाही, शत्रूविषयी द्वेषही नाही. बाळाच्या पाळण्यापाशी जागणारी पत्नी आहे आणि ती वाट पाहत आहे या विश्वासावर तगून राहणारा सैनिक आहे. त्याच काळातील ‘इंद्रधनुष्य’सारखे चित्रपट प्रेक्षकांत सूडाची भावना जागवत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या शांत स्वराचे धैर्य कळते.

तथापि चित्रपटाची मौनेही नोंदवली पाहिजेत. वेढ्याच्या पहिल्या हिवाळ्यात कामगार नसलेल्या नागरिकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता आणि लाखो माणसे उपासमारीने मेली; पडद्यावर ते लेनिनग्राड जवळजवळ दिसतच नाही. झ्यूबिन हे ओडेसाचे ज्यू कवी एदुआर्द बाग्रित्स्की यांचे मूळ आडनाव, स्वतः बेर्नेसही ज्यू कुटुंबातले. तरीही चित्रपट अर्काडीला ज्यू म्हणत नाही, आणि १९४१ च्या ऑक्टोबरात रोमानियन सैन्याने ओडेसात केलेल्या ज्यूंच्या कत्तलीचा उल्लेखही करत नाही. नायक ज्या शहराची गाणी गातो, त्याच शहरावरील हा घाव अनुच्चारित राहणे ही या पटातील सर्वांत वेदनादायक उणीव आहे.

खासगी भावनेला मिळालेली ही मोकळीक युद्धापुरतीच होती. लोकांनी लढावे यासाठी त्यांना आपापले घर, मित्र आणि विरह आठवू देणे राज्याला परवडत होते. विजयानंतर ती गरज उरली नाही. १९४६ च्या सप्टेंबरात पक्षाच्या केंद्रीय समितीने लुकोव यांच्याच ‘मोठे जीवन’ या चित्रपटाच्या दुसऱ्या भागावर ठराव करून बंदी घातली, आणि बोगोस्लोव्स्की यांचे संगीत व अगातोव यांचेही शब्द असलेल्या त्यातील गाण्यांवर दारूच्या गुत्त्यातल्या उदासीचा ठपका ठेवला. तो चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचला १९५८ मध्ये, स्टालिनच्या मृत्यूला पाच वर्षे झाल्यावर.