वराचा मित्र

डिसेंबर उजाडला की नाशिकच्या मंदिरांतून आगमनकाळाची पहिली जांभळी मेणबत्ती पेटते आणि आम्ही धर्मगुरू वेदीवरून शांतीचा व आनंदाचा संदेश देऊ लागतो. समोर बसलेल्या शिक्षकांचे चेहरे मात्र थकलेले असतात. स्नेहसंमेलनाच्या तालमी, तपासायच्या वह्या, भरून पाठवायचे तक्ते, आणि सहावीत येऊनही धड वाचता न येणारी चार मुले! अशाच एका शिक्षिकेने मिस्सानंतर आम्हांस विचारले, "फादर, ही शांती ज्यांचे काम संपले आहे त्यांच्यासाठीच असते का?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याने आम्हांस दीर्घकाळ सोडले नाही. काम संपल्यावर शांती, हा जगाचा हिशेब आहे. सुताराची खुर्ची एके दिवशी पुरी होते, गवंड्याची भिंत पुरी होते. शिक्षकाचे काम कधीच पुरे होत नाही. मग शिक्षकाने जन्मभर अस्वस्थच राहावे काय?

आगमनकाळाचा तिसरा रविवार हा आनंदाचा रविवार. त्या दिवशी गुलाबी मेणबत्ती पेटते. तीन वर्षांच्या उपासनाक्रमातील पहिल्या वर्षी त्या दिवशीचे शुभवर्तमान असते तुरुंगातील योहानाचे. ज्याने लोकांना शिकवले, आपले शिष्य घडवले, तो अंधारकोठडीतून येशूला निरोप पाठवून विचारतो, की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ख्रिस्तसभेने आनंदाच्या दिवसासाठी हा शंकेचा प्रसंग निवडावा, ह्यात मोठा अर्थ आहे. आपल्या कार्याचे फळ योहानाने पाहिले नाही. तरीही ह्याच योहानाने स्वतःस वराचा मित्र म्हटले होते. लग्न मित्राचे नसते. वराचा आवाज ऐकला, एवढ्यानेच तो हर्षभरित होतो. विद्यार्थी हा शिक्षकाचा नव्हे, प्रभूचा. हे ज्यास उमगले, त्याच्या खांद्यावरचे अर्धे ओझे उतरले.

ह्या सत्याचा दाखला आपल्या नाशिकच्याच भूमीत आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. रेव्हरंड टिळक त्यांना शिकवावयास बसत आणि ते शिक्षण पुन्हा पुन्हा खंडित होई. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई १९०० साली, स्वतःच्या विचारांती, त्या वाटेने आल्या. टिळक १९१९ साली निवर्तले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला तो १९३४ साली! ज्या शिष्येचे शिक्षण अर्धवट राहिले, तिने मराठीला अजोड आत्मचरित्र दिले आणि ते पाहावयास शिक्षक हयात नव्हता. टिळक दांपत्य आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. परंतु प्रतीक्षेचा हा धडा आपण त्यांच्याकडून अवश्य घ्यावा.

दिंडोरी-निफाडकडचा द्राक्षबागायतदारही हेच जाणतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यात पुढील घड आकार घेत असतो. बाहेरून त्याचा मागमूसही लागत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो घड बाहेर पडतो, आणि नाताळच्या सुमारास पाहावे तर बहुतेक बागांतले मणी हिरवे, टणक, आंबट! म्हणून कोणी वेल उपटून टाकत नाही.

येथे थांबलो असतो तर लेख सुखाचा झाला असता. परंतु एक आठवण आम्हांस थांबू देत नाही. पौरोहित्याच्या आरंभीच्या काळात आम्ही एका ग्रामीण शाळेत गणित शिकवत असू. दिवाळीनंतर एक मुलगा महिनाभर गैरहजर राहिला. त्याचे आईवडील पेठ तालुक्यातून द्राक्षबागेत मजुरीस आलेले. तोही त्यांच्याबरोबर राबत होता. आगमनकाळातल्याच एका सकाळी तो वर्गात आला. त्यास पाढा येईना. आम्ही त्यास सर्वांदेखत उभे करून टाकून बोललो. तो मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतर कधीच आला नाही.

"फळ देणारा परमेश्वर आहे" असे म्हणून आम्ही ह्या आठवणीतून सुटू शकतो काय? नाही. फळ आमचे नसेल. पेरणी तर आमचीच होती. वेल फळला नाही हे दुःख वेगळे आणि आम्हीच त्याचा डोळा मोडला हे दुःख वेगळे. आगमनकाळ पहिल्या अस्वस्थतेतून मुक्त करतो, कारण तिच्या मुळाशी बहुधा आपला अहंकार असतो. दुसरी अस्वस्थता तो जागी करतो. तिच्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे, आणि संस्कारानंतर भरपाईही आहे. त्या मुलास शोधण्याचे आमचे प्रयत्न निष्फळ ठरले, परंतु तेव्हापासून गैरहजर मूल परत आले की प्रथम "ये, बस, जेवलास का?" एवढेच विचारावयाचे, हा नेम आम्ही मोडलेला नाही.

त्या शिक्षिकेस आम्ही इतकेच सांगू शकलो : बाई, शांती अपुऱ्या कामातच मिळते, मात्र ते काम प्रेमाने केलेले असावे. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या चरणी आपण सारे नतमस्तक होतो. तोच बाळ येशू उद्या, उशिरा का होईना, वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहील. त्यास पाढा येत नसेल. बंधुभगिनींनो, त्यास आत घ्या.